श्रीमती जानू डोर्लेकर, स्तनपान सखी

आमच्या सुकटवाडीत कुणाच्या होडीचं इंजिन बंद पडलं की जानूभाऊ डोर्लेकरला हाक मारतात. जानूभाऊ येतो, हत्यारांची पेटी खाली ठेवतो आणि काहीएक न उघडता आधी इंजिनाला कान लावतो. "सुरू कर," म्हणतो. इंजिन घरघरतं, खोकतं, बंद पडतं. "परत." परत तेच. असं पाचसहा वेळा ऐकून झालं की डोळे उघडतो आणि सांगतो, "हवा ओढतंय," किंवा "पाणी शिरलंय," किंवा "ह्याला काय झालेलं नाय, तुझ्या टाकीत डिझेलच नाय." वय चोपन्न, मिशी केरसुणीसारखी, हात कोपरापर्यंत काळे. पूर्णगडच्या खाडीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या कानाला मान आहे.

हा माणूस स्तनपान सखी कसा झाला ते सांगते. मी वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहे, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. उरलेलं जानूभाऊनं स्वतः सांगितलं, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेला की मिशी हलते.

झालं असं, की गेल्या वर्षी एप्रिलात एका संस्थेनं रत्नागिरीत एकाच आठवड्यात दोन प्रशिक्षणं ठेवली. एक होडीच्या डिझेल इंजिनाच्या देखभालीचं. दुसरं स्तनपान सखीचं, म्हणजे वाडीतल्या अनुभवी बाईनं नव्या आईला बाळ पाजण्यात मदत कशी करायची त्याचं. फॉर्म ऑनलाइन होते आणि आमच्याकडे ऑनलाइन म्हणजे काशीराम. नाक्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. इंजिनासाठी जानूभाऊचं नाव द्यायचं ठरलं आणि सखीसाठी आनंदीबाईंचं. आनंदीबाई बहात्तर वर्षांच्या, सात मुलं, एकवीस नातवंडं. वाडीतल्या निम्म्या लोकांची पहिली आंघोळ त्यांच्याच पायांवर झालेली.

काशीरामनं दोन्ही फॉर्म एकदम उघडले, आणि तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. डब्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. काशीराम उजव्या हातानं जेवला आणि डाव्या हातानं नावं भरली. त्यामुळे जानूभाऊचं नाव सखीच्या फॉर्मात गेलं आणि आनंदीबाईंचं इंजिनाच्या. सखीच्या फॉर्मात कम्प्युटरनं आपल्या मनानं पुढे 'श्रीमती' लावलं, ते काशीरामनं पाहिलंसुद्धा नाही. कारण तिसऱ्या फार चांगल्या झाल्या होत्या, असं तो अजूनही सांगतो.

जानूभाऊला मोबाइलवर निरोप आला, सभागृह दोन, सकाळी दहा. तो साडेनऊला हत्यारांची पेटी घेऊन पोचला. आत बावीस बायका बसलेल्या. त्याला वाटलं, बरं झालं, बायकाही आता इंजिनं शिकतायत. टेबलावर चारपाच बाहुल्या होत्या. कुणी पोरं घेऊन आलं असेल. बाहुल्यांशेजारी गुलाबी कापडाचे कापूस भरलेले गोळे होते, मध्ये तपकिरी टोक शिवलेलं. ते त्यानं हातात घेऊन दाबून पाहिलं. होडी धक्क्याला आपटू नये म्हणून मध्ये गादी टांगतात, त्यातला नवा प्रकार असावा असा त्यानं अंदाज बांधला. शेजारच्या बाईला म्हणालासुद्धा, "माल चांगला हाय, पण खाऱ्या पाण्यात टिकायचा नाय."

ती बाई उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.

मग प्रशिक्षण देणाऱ्या दर्शना मॅडम आल्या. त्यांनी हजेरी घेतली. "श्रीमती जानू डोर्लेकर?"

"हजर," जानूभाऊ म्हणाला.

मॅडमनी यादी पाहिली, मिशी पाहिली, पुन्हा यादी पाहिली. "आपण... त्यांचे मिस्टर का?"

"नाय. मीच तो."

बावीस बायका वळल्या. मॅडमनी शांतपणे सांगितलं की हे स्तनपानाचं प्रशिक्षण आहे. जानूभाऊनं हातातला गुलाबी गोळा पाहिला. हळूच टेबलावर ठेवला. हात पँटीला पुसले. इतका घाम आपल्याला दर्याच्या मध्यावर इंजिनानं पेट घेतला तेव्हाही फुटला नव्हता, असं तो सांगतो.

तो निघालाच होता. पण पेटी उचलायला वाकला तेव्हा मॅडमनी बाकीच्यांसाठी बोलायला सुरुवात केली होती. "पहिल्या आठवड्यात बाळ सारखं रडतं, आणि घरातले सगळे एकच गोष्ट सांगतात, तुला दूधच नाही. आणि त्या आईला ते खरं वाटतं." जानूभाऊ वाकलेलाच राहिला. त्याची मुलगी झाली तेव्हा त्याची बायको विमला चाळीस दिवस रडत होती. दूध नाही, दूध नाही. घरच्यांनी मग पोरीला बकरीचं दूध पाणी घालून पाजलं, पोरीला हगवण लागली, ती जेमतेम वाचली. आणि जानूभाऊ? तो खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून कुणाचं तरी इंजिन उघडत होता, कारण ते बायकांचं काम होतं.

त्यानं पेटी पुन्हा खाली ठेवली आणि विचारलं, "मॅडम, बसलो तर चालेल?"

मॅडम म्हणाल्या, "बसा. पण खुर्ची थोडी मागे घ्या."

तीन दिवस तो मागच्या खुर्चीत बसला. वहीत चित्रं काढली. बाळानं तोंड मोठं उघडायला हवं, हनुवटी छातीला टेकायला हवी, नुसतं टोक तोंडात घेऊन भागत नाही, हे त्यानं पाइप आणि क्लॅम्पची चित्रं काढून लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी एका आईला बाळासह बोलावलं होतं, तेव्हा तो आपणहून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. आतून टच्‌ टच्‌ आवाज आला. त्यानं बाहेरूनच विचारलं, "मॅडम, ते हवा ओढतंय का?"

मग मॅडमचा आवाज, "होय. तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून. नळी सैल बसली की अस्साच येतो."

तिसऱ्या दिवशी त्याला प्रमाणपत्र मिळालं, एक बाहुली आणि एक कापडी गोळाही मिळाला. तो गोळा त्यानं पिशवीत सगळ्यात वर ठेवला, आणि त्या संध्याकाळच्या एसटीत नेमकी मी होते. पावसच्या अलीकडे ड्रायव्हरनं ब्रेक मारला. गोळा पिशवीतून उडाला आणि गाडीच्या मधल्या वाटेनं घरंगळत थेट कंडक्टरच्या पायाशी गेला. कंडक्टरनं उचलला. वरखाली करून पाहिला. मग त्याला कळलं काय आहे ते, आणि त्याचे कान लाल झाले.

"कुणाचं आहे हे?" त्यानं हात वर करून विचारलं.

मग मागून जानूभाऊ उठला. "माझं."

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांनी तोंडात पदर नाहीतर रुमाल कोंबला होता. कंडक्टरनं तो गोळा तिकिटाच्या पेटीवर ठेवला, पेटी पुढे धरली आणि नजर खिडकीबाहेर ठेवून जानूभाऊपर्यंत आणून दिला. जानूभाऊ म्हणाला, "धन्यवाद," आणि बाहुलीला मांडीवर नीट आडवी घेऊन बसला, शिकवलं होतं तशी.

घरी विमलावहिनी हसून हसून पायरीवर बसली. तिचं हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "विमले, तुला तेव्हा दूध होतं."

"कधी?"

"आपल्या पोरीच्या वेळी. होतं. ती नीट लागलेली नव्हती, एवढंच. कुणी बघितलंच नाय. मी पण नाय."

विमलावहिनीनं हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं. मग म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांनी सांगताय?" आणि उठून आत गेली. त्या दिवशी त्याच्या ताटात सरंगा माशाच्या दोन तुकड्या जास्त पडल्या, आणि भांडणही झालं नाही. यावरून काय समजायचं ते तो समजला.

आता तुम्ही विचाराल, आनंदीबाईंचं काय झालं. आनंदीबाई सभागृह एकमध्ये एकोणीस पुरुषांत पहिल्या खुर्चीत बसल्या आणि तीन दिवस हलल्या नाहीत. परत आल्या त्या नऊवारीला ग्रीस लावून. काशीराम घाबरून माफी मागायला गेला, "आजी, चुकलं, आपण दोघांची अदलाबदल करू." आनंदीबाई म्हणाल्या, "मेल्या, सात पोरं काढली मी, एकवीस नातवंडं सांभाळली. आता पोरांचा कंटाळा आला. इंजिन कसं, बंद केलं की गप्प बसतं." अदलाबदलीचा विषय तिथेच संपला. हल्ली कुणी इंजिन जोरात ताणलं की त्या धक्क्यावरून ओरडतात, "अरे, फिल्टर बघ आधी!" आणि बहुतेक वेळा फिल्टरच असतो.

जानूभाऊला मात्र महिनाभर कुणी बोलावलं नाही. कोण बोलावणार? बाळंतिणीच्या खोलीत मिशीवाला माणूस! आमच्या वाडीची आशा कार्यकर्ती नम्रता त्याच्याकडे गेली ती खरं तर हे खूळ थांबवायला. चार वाड्या तिच्या एकटीच्या अंगावर, त्यात हे नवं. पण तासभर बोलून आली ती विचारात पडूनच. म्हणाली, "त्यांना सगळं नीट येतं गो. आणि ते खोलीत पाऊल टाकणार नाहीत म्हणतात. आम्ही वाटणी केली आहे. आतलं माझं, पडवी त्यांची." पडवीत कोण असतं? सासू, नवरा, शेजारणी आणि सल्ले. म्हणजे सगळं अवघड काम जानूभाऊकडे गेलं होतं.

पहिली वेळ आली गोदूबाईच्या घरी, मे महिन्यात. गोदूबाई ही विमलावहिनीची मावशी. तिचा मुलगा सोहम लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत पाळीवर असतो, घरी रविवारी येतो. सून मनिषा देवरूखकडची. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. मुलगा झाला. सोहम रजा घेऊन आला होता.

गोदूबाईनं जानूभाऊला बोलावलं ते विहिरीच्या पंपासाठी. जानूभाऊ पंपाला कान लावून बसला, पण ऐकू येत होतं वेगळंच. पाच दिवसांचं पोर आत टाहो फोडत होतं. थांबे, टच्‌ टच्‌ करी, पुन्हा टाहो. जानूभाऊनं पंप तसाच सोडला आणि पडवीत आला.

"मावशे, पंपाचं बघतो नंतर. आत काय चाललंय?"

"भूक, दुसरं काय?" गोदूबाई म्हणाली. "हिला दूधच नाय. जे हाय ते पाण्यासारखं. सोहम डबा घेऊन आलाय पावडरीचा, आणि मी मध चाटवणार हाय आता." तिच्या हातात मधाची बाटली होतीच.

"मध नको. वरीसभर मध नाय द्यायचा, बाळाला बाधतो. आणि डबा आत्ताच फोडू नको. आधी नम्रताला येऊ दे."

"तुला काय कळतं रे? तू कधी कुणाला पाजलंयस?"

"नाय. पण मी कधी डिझेल पण प्यायलो नाय मावशे, तरी इंजिन चालू करतो."

यावर गोदूबाई रागावली आणि मधाची बाटली तिनं पदराआड धरली. जानूभाऊनं मला आणि नम्रताला फोन केला. आम्ही अंगणवाडीचा वजनकाटा घेऊन धावलो. नम्रता आत गेली. मी काटा मांडला. वजन जन्मावेळेपेक्षा थोडं उतरलं होतं, पण पहिल्या आठवड्यात उतरतं तेवढंच. बाळ चांगलं लाल होतं आणि रडायला त्याला भरपूर जोर होता. "घाबरायचं काही नाही," नम्रता मनिषाला म्हणाली, "पण आज नीट लावायला हवं, आणि परवा पुन्हा वजन. उतरलं तर सरळ डॉक्टरांकडे."

तोवर पडवीत जानूभाऊनं खळ्यातून तीन वस्तू आणून पायरीवर मांडल्या होत्या. एक करवंद, एक रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, आणि एक अंडं. गोदूबाईसमोर तो उकिडवा बसला.

"हे बघ मावशे. पहिल्या दिवशी पोराचं पोट एवढं," करवंदावर बोट ठेवून. "तिसऱ्या दिवशी एवढं," रातांब्यावर. "महिन्याभरानं कुठे अंड्याएवढं. मग आपण वाटीभर दूध कुठे ओतणार? करवंदाएवढ्या टाकीत चार थेंब पुरे. पहिले दोनतीन दिवस पिवळं चिकट दूध येतं, लोक म्हणतात खराब, तेच सगळ्यात ताकदीचं. आणि वारंवार पाजलं की दूध आपोआप वाढतं."

गोदूबाईनं फार लक्ष देऊन ऐकलं. ऐकता ऐकता तिनं करवंद उचलून तोंडात टाकलं.

"मावशे! ते पहिल्या दिवसाचं पोट होतं!"

"गोड होतं," गोदूबाई म्हणाली.

एवढ्यात आतून पुन्हा रडणं सुरू झालं. दारावरच्या पडद्याआड नम्रतानं विचारलं, "मनिषा, काका बाहेरच बसलेत. ते आवाज ऐकून सांगतात म्हणे. चालेल तुला?"

मनिषाचा दोन दिवस रडून बसलेला आवाज आला, "बाहेरच आहेत ना? मग चालेल. आता तर पोलीस पण चालतील."

मनिषा पडद्याला पाठ करून खाटेवर बसली. जानूभाऊनं पडवीतल्या भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि हात वर केला. सगळे गप्प. सोहम गप्प, गोदूबाई गप्प, खळ्यातली कोंबडीसुद्धा एका पायावर थांबली.

टच्‌ टच्‌ टच्‌.

"हवा ओढतंय," जानूभाऊ म्हणाला. "सक्शन लीक हाय. काढा बाहेर, परत बसवा."

"काका, लीक काय!" नम्रता आतून ओरडली.

"तोंड लहान उघडलंय त्यानं. नाकासमोर धरा, थांबा, पोरगं जांभईएवढं तोंड उघडेस्तोवर थांबा. मग पटकन जवळ घ्या. पोराला आईकडे आणा, आईला पोराकडे वाकवू नका. पाठीला उशी द्या. सांध्यातली गॅस्केट नीट बसली की..."

आणि आतून हसू फुटलं. मनिषा हसत होती. आधी बारीक, मग खो खो. "गॅस्केट!" ती म्हणाली, "नम्रताताई, हे म्हणतायत गॅस्केट!" पाच दिवसांत ती पहिल्यांदा हसली असं सोहम नंतर म्हणाला. कानाजवळ चढून बसलेले तिचे खांदे खाली आले, पाठ टेकली, आणि बाळानं त्याच वेळी एवढं मोठं तोंड उघडलं की नम्रतानं नुसता हात लावला आणि ते बसलं.

पडवीत जानूभाऊचा हात अजून वरच होता.

टच्‌ नाही. काहीच नाही. मग, गटक्‌. थोडं थांबून, गटक्‌. मग लयीत, गटक्‌... गटक्‌... गटक्‌. भिंतीला कान न लावता मलाही ऐकू आलं, इतकं घर शांत होतं.

"लागलं," जानूभाऊ कुजबुजला. मिशी हलत होती, पण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो भिंतीकडे तोंड करून पंपाचा पाना शोधत असल्यासारखं करत होता. पाना त्याच्या हातातच होता.

सोहमला त्यानं लगेच काम लावलं. "दिवसभरात किती लंगोट भिजले ते तू मोजायचे. सहा किंवा जास्त भिजले, की समज टाकी भरतेय." लोट्याला शिफ्टमध्ये घड्याळ बघून काम करणारा माणूस तो. त्यानं भिंतीवर तक्ता लावला. इथवर ठीक होतं. पण प्रत्येक लंगोट भिजला की तो खळ्यात येऊन मोठ्यानं पुकारू लागला. "चौथा!" शेजारची घरं कामं थांबवून ऐकत. "पाचवा!" संध्याकाळी पाच वाजता "सहावा!" झालं तेव्हा पलीकडच्या आळीतून टाळ्या आल्या. सातव्यानंतर मनिषानं त्याला आत बोलावून काय सांगितलं ते कळलं नाही, पण आठवा त्यानं हळू आवाजात सांगितला.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी पुन्हा वजन केलं. वाढलं होतं, थोडंसंच, पण काट्यानं दाखवण्याइतकं. नम्रतानं मनिषाच्या हातावर टाळी दिली.

गोदूबाईला जानूभाऊनं वेगळंच सांभाळलं. "मावशे, दूध तयार होतं मनिषाच्या अंगात, पण मनिषा चालते तुझ्या चुलीवर. तिला खायला कोण घालणार? तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाय." गोदूबाई पदर खोचून जी उठली ती महिनाभर चुलीसमोरच. नाचणीची पेज, अळिवाची खीर, मोरी माशाचं कालवण. शेवटी मनिषानंच नम्रताला निरोप धाडला, की काकांना सांगा सासूबाईंना थोडं थांबवा, मला श्वास घेता येत नाही. पावडरीचा डबा उघडलाच गेला नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. सोहमनं तो लोट्याला नेला आणि खोलीवर चहात घालून संपवला. त्याचं दोन किलो वजन वाढलं. तेही आम्हीच आमच्या काट्यावर केलं.

त्यानंतर गोदूबाई अशी फिरली की विचारू नका. "मी पहिल्यापासून म्हणत होते, मध नको," असं ती सगळ्यांना सांगते. कुणाकडे बारसं असलं की आधी कपाटं उघडते. आजवर तिनं अकरा घरांतल्या मधाच्या बाटल्या जप्त केल्यात. घरात कुणाला खोकला झाला तर आता तिच्याकडेच जावं लागतं.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली, माणसं रिकामी झाली, आणि दर्शना मॅडमनी जानूभाऊला बापांची सभा घ्यायला सांगितलं. जाळी ठेवायच्या शेडमध्ये चौदा जण जमले. वादळात होडी धरून ठेवणारी माणसं, पण हातात बाहुली आली की घाबरली. एकानं ती मानेला धरून उचलली. "अरे, पोरगं हाय ते, सुरमई नाय," जानूभाऊ म्हणाला. "डोक्याखाली हात. हां. आता ढेकर काढ."

"ही बाहुली ढेकर देते?"

"नाय देत. तरी पाठीवरून हात फिरव. पोरगं पण पहिल्या खेपेला देत नाय."

कुणीतरी मागून विचारलं, "पाजणार आई, मग बापानं करायचं काय?"

जानूभाऊ विचार करून म्हणाला, "ती पाजायला बसली की तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेव. ढेकर तू काढ, लंगोट तू बदल. आणि कुणी आलं, की हिला दूध पुरत नाय म्हणायला, तर त्याला चहा दे आणि दारातूनच वाटेला लाव." चौदा जणांनी माना डोलावल्या. त्यातला अर्धा भाग कितीजणांनी घरी केला माहीत नाही, पण तांब्या बऱ्याच घरांत हलला, हे मी पाहिलंय.

सगळीकडे असं गोड झालं नाही. मनिषाच्या माहेरची, देवरूखची एक मुलगी फोनवरून त्याचा सल्ला घेत होती. तिचं पूर्वी छातीचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी आणि तिकडच्या आशा कार्यकर्तीनं सगळे उपाय केले, तरी दूध पुरेसं येईना, आणि डॉक्टरांनी वरचं दूध लिहून दिलं. ती फोनवर हुंदके देत म्हणाली, "काका, मी नापास झाले."

जानूभाऊ धक्क्यावर बसला होता, शेजारी मी होते. तो म्हणाला, "बाय, कसली नापास? पोराचं पोट भरतंय ना? वजन वाढतंय ना? मग इंजिन चालू हाय. होडीला एकच टाकी असते असं थोडंच हाय? येईल तेवढं तुझं पाज, उरलेलं डॉक्टरांनी सांगितल्यासारखं उकळलेल्या पाण्यात मापानं करून दे. आणि पाजताना पोराला छातीशी धर, ते कुणी लिहून द्यायला नको." मग तिच्या सासूला फोन द्यायला सांगितला, आणि सासूशी तो वीस मिनिटं बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही, कारण तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलत होता आणि मी लाजून लांब गेले. ती मुलगी अजून फोन करते. तिचं पोर आता भिंतीला धरून उभं राहतं.

गेल्या सोमवारची गोष्ट. सकाळी मी अंगणवाडीचं कुलूप उघडत होते तेव्हा पूर्णगडाकडून एक पोरसवदा बाप चालत आला. डाव्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं तीन आठवड्यांचं बाळ, उजव्या हातात इंजिनाचा इंजेक्टर. मागून त्याची बायको, झोप न झालेल्या डोळ्यांची. जानूभाऊ खळ्यात दात घासत होता.

"भाऊ, दोन्ही बिघडलंय," तो म्हणाला.

जानूभाऊनं दोघांकडे पाहिलं. इंजेक्टर त्याच्या हातातून घेतला आणि पायरीवर ठेवला. मग साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुवायला बसला. एकदा धुतले. पाणी काळं आलं. दुसऱ्यांदा धुतले. तिसऱ्यांदा विमलावहिनीनं येऊन नारळाच्या काथ्यानं स्वतः घासून दिले. तोवर बाळ रडायला लागलं होतं, आणि जानूभाऊ हात वर धरून, मान तिरकी करून ऐकत होता.

"नम्रताला फोन लाव," तो मला म्हणाला, "आणि ह्याच्या बायकोला आत नेऊन बसव. पाठीला उशी दे. चहा पण दे."

तो बाप इंजेक्टरकडे बघत उभा होता. आज दर्यावर जायचं होतं त्याला. आनंदीबाई काठी टेकत तिथूनच चालल्या होत्या. त्यांनी पायरीवरचा इंजेक्टर उचलला, उन्हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ये माझ्या मागून."

तो बिचारा दाराकडे पाहत राहिला. आतून टच्‌ टच्‌ येत होतं.

"तू जाऊ नको," जानूभाऊ म्हणाला. "तू इथे बस. तांब्या भरून आण."

मग तो तांब्या भरायला गेला, आणि इंजेक्टर आनंदीबाईंच्या हातातून एकटाच दुरुस्तीला गेला.